हजी थोडुं

सूरसागरच्या बसथांब्यावर आमचा पडदा लागला
दिवाळीच्या आठ दिवस आधी.
आत कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे निरवने शिकवलेलं काहीतरी
जे ओठांचे कोपरे मोजतं.
हसा. सत्तर टक्क्यांवर गेलात
तर खालच्या फटीतून टूथपेस्टची छोटी ट्यूब.
कमी पडलात तर एक ओळ उमटते, बोलतेही.
ओळ माझी. आवाजही माझाच,
कारण आवाजाचं बजेट फुलांच्या कमानीत गेलं:
हजी थोडुं!

मी दांडिया बाजारातली. विचार मराठीत करते,
जाहिराती गुजरातीत,
आणि क्लायंटची माफी इंग्रजीत मागते.

महिन्याचा अहवाल आला. अठरा हजार चारशे बारा चेहरे.
त्यातल्या एकाला निरवने लाल रंग दिला होता:
सव्वीस रात्री, अकरा-चाळीस,
सरासरी अकरा मिनिटं,
ट्यूब शून्य.
कुणीतरी यंत्राला फसवतंय, निरव म्हणाला.
वगळा, क्लायंट म्हणाला.
पण ट्यूब न घेता
कोण कशाला फसवेल?

म्हणून गेले. तळ्यातल्या महादेवावरचे दिवे
नुकतेच विझले होते.
मफलरवाला म्हातारा आला, पिशवी दांडीला अडकवली,
फोटोवाल्यापुढे उभं राहावं तसा उभा राहिला.
ओठाचा डावा कोपरा बोटाने वर ओढला, सोडला.
पुन्हा बोटाशिवाय.
एकोणसाठ. हजी थोडुं!
"हो गं," तो पडद्याला म्हणाला.

तुळाजी खंडागळे, बँडमध्ये क्लॅरिनेट, चौतीस वर्षं.
मागच्या थंडीत एका वरातीनंतर झोपले
ते उठले तेव्हा अर्धं तोंड झोपलेलंच.
चहा गळायचा. रीड ओठात थांबेना.
"डॉक्टर म्हणाले, आरशापुढे करा.
आरशात मागे घरचे दिसतात, बाई.
आपल्याकडे बघताना दिसतात.
शिवाय आरसा काही बोलत नाही.
ही पोरगी बोलते. रोज तेच,
पण एकदाही कंटाळून नाही."

पोरगी कोण ते मी सांगितलं नाही.

एकतीस तारखेला पडदा उतरणार होता.
तीसला त्यांचे त्रेसष्ट झाले होते.
पासवर्ड माझ्याकडे होता.
शेवटच्या रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन
मी सत्तरचे साठ केले.

ट्यूब पडली. फटाक्यांचा आवाज, पडद्यावर झेंडूची फुलं.
तुळाजींनी ट्यूब उचलली, उलटसुलट पाहिली,
बाकावर माझ्या शेजारी आणून ठेवली.
"काल इतकाच हसलो होतो," ते म्हणाले.
"बँडमध्ये सूर खाली असला की कळतं आम्हाला,
आपला नाही तर दुसऱ्याचा."
पिशवी घेतली आणि न्यायमंदिराच्या बाजूने गेले.

दुसऱ्या दिवशी त्या जागी फ्लॅट विकणारा साधा फलक.
बघणाऱ्याकडे बघत नाही तो.

निरवला सांगितलं, तेच यंत्र फोनमध्ये बसव.
ट्यूब नको, झेंडू नको, कंपनीचं नाव नको.
आवाज राहू दे.
सत्तर सत्तरच ठेव.
आकडा फक्त त्यांना दिसेल, आपल्याकडे काही येणार नाही.
"मग कळणार कसं, वापरतात की नाही?"
नाही कळणार, म्हटलं. तो चार दिवस हसत होता.
फोन त्यांच्या नातीला, रूपालीला, देऊन आले.
घरी नव्हते ते.

पौष संपला, लग्नं सुरू झाली.
मांडवीच्या कमानीखाली रिक्षा वरातीत अडकली.
क्लॅरिनेटवर कुणी पोरगा, गाल फुगवून, घाईत.
मागच्या ओळीत लाल कोट, पितळी बटणं,
हातात झांजा: तुळाजी.
मी हात केला. ओळखलं की नाही कळेना.
घोडा अडला, वरात थांबली.
त्यांनी झांजा काखेत मारल्या,
दोन्ही हात वर करून बोटं दाखवली:
सहा.
मग गर्दीतून नीट दिसावीत म्हणून टाचा उंचावून
पुन्हा
सहा.