लांबट

वेर्णेकरांच्या सुनेनं काळ्या मखमलीवर
दोन खडे ठेवले आणि पंखा बंद केला.
दोन्ही लांबट.
एक भाताच्या दाण्याएवढा,
दुसरा कलिंगडाच्या बीएवढा.
दाम म्हणाल तर दाण्याचं बीच्या पाचपट.
"लांबट खड्यानं बोट लांब दिसतं," ती म्हणाली,
आणि माझ्या बोटांकडे बघायचं टाळलं.

माझी बोटं आखूड, पेरं जाड.
सहा वर्षं उभादांड्याच्या कारखान्यात काजू फोडले,
टरफलाच्या तेलानं नखांच्या कडा काळ्या केल्या
त्या अजून तशाच आहेत.
आता प्रतवारीला बसते.
दोनशेचाळीस, तीनशेवीस, पाकळी, तुकडा,
डागी वेगळा.
लांबट वस्तूंची मला नजर आहे,
तिला कुठं ठाऊक.

गौरेशनं एक लाख दहा हजार आणले होते,
रबर लावून, मिठाईच्या पिशवीत.
बर्फाच्या कारखान्यातली अठरा महिन्यांची रात्रपाळी.
त्याला हिरा हवा. हिरोच.
"ठाण्याची मावशी येतली, सगळ्यांदेखत इचारतली,
खरो मा रे?"
मावशीचा आवाज त्यानं इतका हुबेहूब काढला
की सून हसली, आणि तो हसला नाही.

मी भिंग मागितलं.
मोइसनाइट जरा तिरका धरला
तर आतल्या कडा दोन-दोन दिसू लागल्या.
ओहोटीला बंदरावर डोलकाठी असते
आणि ओल्या वाळूत तिची दुसरी,
किंचित सरकून, तशा.
हिऱ्यात एकच रेघ. सरळ, गप्प.
पण पोटात मधोमध एक काळी छाया,
टाचणी मारलेल्या फुलपाखरासारखी.
"लांबट पैलूत ती येतेच," सून म्हणाली,
"कमी-जास्त. ह्यात जरा जास्त."
माझा हात आपोआप त्याला
डागीच्या टोपलीकडे सारायला निघाला.

नऊ वर्षांत हातातून किती गर गेला असेल.
अख्खा आहे का, एवढंच बघितलं.
खरा आहे का, हे काजूला कुणी विचारत नाही.

मग ती दोन्ही घेऊन दाराशी गेली, उन्हात.
हिरा पांढरा झाला, इस्त्रीच्या शर्टासारखा.
मोइसनाइटनं जांभळा टाकला, हिरवा टाकला,
ताज्या बांगड्याच्या पाठीवर असतो तो निळा टाकला.
समोर रिक्षावाला बघायला थांबला.
"ह्यो जास्तीच नाचता गो," गौरेश म्हणाला.
"नाचांदे."

पहिला कुठंतरी उल्केच्या खळग्यात सापडला होता म्हणे,
आता भट्टीत करतात.
हे मी आदल्या दिवशीच टेबलावर सांगितलेलं.
रुक्मिण म्हणाली, "मोसंबी?"
सगळ्याजणी फुटल्या, तीनशेविसाचा ढीग सांडला,
मुकादमानं अर्ध्या तासाचा पगार कापला.
तेव्हा आजच्या खड्याच्या किमतीत ते पंचवीस रुपये
माझ्या हिशेबानं धरायला हवेत.

सुनेनं माप घेतलं नाही.
"सकाळी या. संध्याकाळी बोट सुजतं."

बंदरावर तो बराच वेळ बोलला नाही.
एक होडी आत येत होती, दोन्ही टोकांना निमुळती,
मी बघत होते आणि त्यालाही दिसली असणार.
"मावशीक काय सांगूचा?"
"सांग, मोसंबी."
आता मात्र हसला.
"आणि उरल्याल्या पैशांचा?"
ते मी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं.
सकाळच्या पाळीला हातात काही घालायची मनाई आहे,
अंगठी बहुतेक गळ्यातल्या दोऱ्यातच राहणार,
हेही त्याला अजून सांगायचं होतं.

त्यानं कुणाच्या तरी जाळ्याचा तुटका नायलॉन उचलला,
माझ्या बोटाला गुंडाळला, जाळ्याची गाठ मारली
आणि दातांनी उरलेलं तोडलं.
"सकाळचा माप उद्या. ह्यो सांजचा."
घट्ट बसला होता.
घरी सुरीनं कापावा लागला.
दुसऱ्या दिवशी प्रतवारीला बसले
तेव्हा पेराखाली वळ होता, लालसर,
आणि रुक्मिणीनं तो चष्मा वर करून
नीट तपासला.