दम

गोनबदच्या व्यायामशाळेत पहाटे हीटर बंदच.
आयनाबात रबरी पट्टा गुडघ्यांवर चढवते,
खेकड्यासारखी आडवी चालते
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मांड्या पेटतात.

मग खडूची शिडी : आत, बाहेर, आत.
रुमाल सुटला की पुन्हा पहिल्यापासून.

मग पाठुंगळी ओगुलबीबी, आणि बैठका.
ती आज जड लागतेय.
काल तिचं लग्न ठरलं.

बाराव्या बैठकीत आयनाबात खालीच अडकते.
तिला उतरवत नाही.
"दम," मरजान म्हणते, शिट्टी दातांत.
शब्द इथलाच,
आपल्याकडे पाहुणा आला
आणि घरचाच झाला.

कानाशी ओगुलबीबी कुजबुजते :
"शनिवारी आले नाही, तर
डावा कोपरा तू धर.
घोटा सोडू नकोस."

घाम नाकावरून खडूवर.
तेरा.