खातं

मे महिन्यात लोक माझी देवासारखी वाट बघतात.
रूवीतल्या कुठल्याही बिल्डिंगीत शिरलो
की दार उघडायच्या आधी कळतं,
पंखा घासतोय, की गॅस उतरलाय,
की नुसती जाळीच धुळीनं गच्च झालीय.
एकवीस वर्षं कानांवर पोट भरलं.

आणि माझ्याच घरात, शालन, तू म्हणालीस
डक्टमधून दोन बायका बोलतात.
एक धाकट्या चुलतीसारखी.
दुसरीला नाव नाही, ती फक्त मोजते.

मी शिडी लावली, जाळी काढली,
टॉर्च तुझ्या हातात दिला, म्हटलं, चढ, बघ.
बघितलंस बराच वेळ, घर भाड्यानं घेताना बघावं तसं.
उतरून म्हणालीस,
"तुम्ही आहात म्हणून गप्प बसल्यात."

त्या रात्री मी एसी बंद केला.
भिंती तव्यासारख्या. मागचा काळा डोंगर
दिवसभराचं ऊन आमच्या खिडकीत ओतत होता.
ओल्या चादरी पांघरून दोघं फरशीवर,
आणि अंधारात तू विचारलंस,
"आता तरी येतंय ना ऐकू?"
मला फ्रिज ऐकू येत होता.
हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलं नाव मी
कामाच्या वहीत उतरवलं, कॉम्प्रेसरच्या नंबरांखाली.
गावाकडे आम्ही थायरॉईड म्हणतो.
तुझी आई येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर अंगारा पाठवते,
तो गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवलाय.
कुणाचं भांडण नको.
व्हिसाच्या कागदावर तुला काम नाही.
दोन बायकांचं ऐकत भाकरी थापायची
आणि मीठ चुकू द्यायचं नाही,
हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

इंजेक्शनांनी अंग सुजलं.
मत्रात सोनारानं पाटल्या कापल्या
तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.
तू म्हणालीस, "वजन करून घ्या."

मग मार्चमध्ये, बेडरूममध्ये किरकिर येते म्हणालीस.
मी गोळ्यांची पट्टी मोजली.
दुसऱ्या दिवशी परत म्हणालीस.
मी दवाखान्याची तारीख अलीकडे घेतली.
तिसऱ्या रात्री ब्लोअर जाम झाला.
बेअरिंग.
कितीतरी दिवस सांगत असणार ते, आणि मी
तुझ्या तोंडाकडे बघत होतो.

गच्चीवर तो गरम लोखंडी गोळा फडक्यात धरून
बसून राहिलो. खाली यायला मुद्दाम उशीर केला.
तू लिंबूपाणी पुढं केलंस.
मी सांगितलं होतं, एवढंही बोलली नाहीस.
मोजणारीनं मोजलं असेल.

आता रात्री कोपरानं ढोसतेस,
"उठा. हा तुमच्या खात्यातला."
मी शिडी काढतो. बहुतेक वेळा बरोबर असतेस.

आणि कधी ढोसत नाहीस,
नुसती उठून बसतेस भिंतीला पाठ लावून.
मी विचारतो, कोणाच्या?
"माझ्या."
मग शिडी नाही. मग चहा, आलं जास्त.
कप पुढे करतो तर तू एक बोट वर धरतेस,
जरा थांबा.

मी थांबतो,
त्यांचं बोलणं होईपर्यंत.