एक लांब, दोन आखूड

तोंडी परीक्षेत कॅप्टन वाच्छांनी
मेजावर पेन्सिल आपटून विचारलं होतं :
एक आखूड?
म्हटलं, मी उजवीकडे वळतोय.
दोन?
डावीकडे.
तीन?
इंजिन उलटं फिरतंय. आणि लगेच जोडलं,
जहाज मागे चाललंय असा त्याचा अर्थ नव्हे, साहेब.
ते पहिल्यांदाच हसले.
पाच?
धोका.
पेन्सिल थांबली.
"धोका नंतर. आधी, तुझ्या मनात काय आहे
ते मला कळत नाहीये.
असं लिहिलंय पुस्तकात. परत वाच."

याला अकरा वर्षं झाली.
त्याच साली आम्ही 'हिंगळाई' विकली.
मी माझा वाटा रोख घेतला, टगवर नोकरी धरली.
मोरेश्वरने कमी पैसे घेतले
आणि भोंगा काढून नेला,
पितळी, बाबांनी दारूखान्यातून आणलेला,
तोंडाशी चेमटलेला.
नेताना माझ्या दारात उभा राहून काहीतरी म्हणाला.
मी आतूनच म्हटलं, ने.
पुस्तक खिशात होतं.
पाच आखूड मला सुचले नाहीत.

आता कोळशाचा बार्ज ओढत धरमतरला जातो, रिकामा परत आणतो.
भाऊच्या धक्क्याच्या लाँचेस भोंगा वाजवतात
रिक्षावाल्यासारखा, अर्थ एकच : सरक.
याकूब सारंग रोज त्यांच्या सात पिढ्या काढतात,
मग स्वतःशीच पुटपुटतात, पोटासाठी चाललंय बिचाऱ्यांचं.

आज जानेवारीतलं धुकं.
संक रॉकचा दिवा गेला, मग बोया गेला,
मग आमचाच बार्ज गेला,
नुसती वायर उरली, पाण्यात उतरत गेलेली.
सारंग रडारवर वाकलेले.
मी कळ दाबतो : एक लांब, दोन आखूड.
पाठोपाठ बार्जवरचा खलाशी : एक लांब, तीन आखूड.

धुक्यात वळण सांगायचं नसतं.
उजवं, डावं, होकार, शंका,
ही सगळी भाषा एकमेकांना दिसणाऱ्यांची.
न दिसणाऱ्याला एवढंच कळवायचं, आपण कोणत्या जातीचे,
दर दोन मिनिटांच्या आत, पुन्हा पुन्हा.

तेवढ्यात उरणच्या अंगाने आलं :
एक लांब, दोन आखूड.
दुसरा आखूड शेवटी घोगरा होऊन बसलेला,
जेवताना कुणी हाक मारली
की बाबा "ओ" द्यायचे, तसा.

सारंग म्हणाले, दुसरा टग दिसतो.
म्हटलं, नाही. जाळं टाकून बसलाय.
कशावरून?
सांगता आलं नाही.

पुस्तकाने आम्हाला एकाच ओळीत बसवलंय :
ज्याच्या हाती सुकाण उरलं नाही तो,
खोल पाण्यावाचून ज्याचं अडतं तो,
शिडावर चाललेला, मासे धरणारा,
आणि दुसऱ्याचं ओझं ओढत नेणारा.
या सगळ्यांना एकच आवाज.
मी त्याचा अर्थ असा लावतो की
मला पटकन बाजूला होता येत नाही,
रागावू नका.

बाबा म्हणायचे,
दर्यान बोलाचा कमी, आयकाचा जास्त.
ऐकलं. रडारवर ठिपका पावणेदोन मैलांवर,
जागचा हललेला नाही.
सारंगांच्या हातात घड्याळ.
दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, हा नियम.
कमी थांबू नये, असं कुठे लिहिलंय?

पन्नासाव्या सेकंदाला मी कळ दाबली.
एक लांब,
पुस्तकात सहा सेकंद, माझ्याकडून जरा जास्तच,
मग दोन आखूड.
मागे बार्जवरचा पोरगा गडबडला,
त्याचे तीन आखूड फार उशिरा आले,
झोपेतून उठवल्यासारखे.

याकूब सारंगांनी माझ्याकडे पाहिलं,
घड्याळ खिशात घातलं
आणि खाली ओरडून सांगितलं, चहा टाक रे.
मी काच खाली केली.
धुकं आत आलं, डिझेलचा वास घेऊन,
आणि मी कान तिकडे लावला.