पहिल्या धारेची

मनसरच्या टेकडीवर विहाराच्या विटा,
हात ठेववेना इतक्या तापलेल्या.
इथे भिक्खू झोपायचे, म्हणत
प्रज्योत एका कोठडीत आडवा झाला;
पाय बाहेर आले.

दुपारी कोलितमाऱ्याला उतरलो.
खडकाच्या दोन उभ्या भिंती,
मधून पेंच, हिरवी, घाई नसलेली.
सुकवारोबाईनं मोहाची बाटली पुढे केली,
"पहिल्या धारेची हाय, घ्या ना जी."
मला पाचवं शील आठवलं.
प्रज्योतला तहान.

इंदोरा येईस्तोवर
तो खिडकीबाहेरच बघत होता.
माझ्या पिशवीत मूठभर सुकी मोहफुलं,
बाईनं तशीच दिलेली.

"मनुके कुठले रे?" आईनं विचारलं,
आणि मी सांगायच्या आत
दोन तोंडात टाकले.


"गोड हायेत," म्हणाली.