धुण्यातून दिसलेला हंगाम

साहेब,
फुटबॉलमधलं मला फार कळत नाही.
मी एदेल्मिरा. क्लबाचं धुणं धुते. एकोणीस वर्षं.
रविवारी रात्री गोण्या माझ्या दारात पडतात
आणि सामना मला तेव्हा कळतो.
नवरा, एलिओदोरो, रेडिओला कान लावून बसतो,
तुमचं नाव आलं की चुलीत थुंकतो.
मी मात्र बाह्या उलट्या करते.

चार नंबरच्या चड्डीला चुना
म्हणजे तो गोलरेषेवर आडवा पडला होता.
गोलकीपरचं कोपर पुन्हा फाटलं
म्हणजे पुढचे सगळे बघत उभे होते.
धुणारणीला गुणतक्ता लागत नाही, साहेब.

तुम्ही राजधानीतून आणलेला तो नऊ नंबर.
चौतिशीचा, केसांना चकाकी.
त्याच्या पायासाठी क्लबाने बस विकली.
आता पोरं मासळीच्या ट्रकमधून परगावी जातात,
आणि त्यांच्या जर्सीतला बांगड्याचा वास
माझ्याच्याने निघत नाही.
नऊ नंबरला मात्र अत्तराचा वास येतो.
गवताचा एक डाग नाही.
नऊ आठवडे मी ती जर्सी
निव्वळ शिष्टाचार म्हणून पाण्यात बुडवते आहे.

आणि आठ नंबर.
येर्को, टेकडीवरच्या पाववाल्याचा.
गेल्या हिवाळ्यात त्याची जर्सी
कॉलरपर्यंत चिखलाने कडक होऊन यायची,
उभी केली तर उभी राहायची.
ब्रश झिजवताना मी त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे.
जूनपासून ती स्वच्छ येते.
बाकावर बसलेल्या माणसाची जर्सी ओळखता येते, साहेब.
पाठीवर एक आडवी सुरकुती असते,
फळीची.
इस्त्रीनेही ती पुरती जात नाही.

नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

एकदा तुमच्या जॅकेटच्या खिशात कागद राहिला.
मी तो चुलीवरच्या तारेवर वाळवला, कोपरेही जळू दिले नाहीत.
अकरा गोल, नुसते बाण,
नऊला तीनदा गिरवलेलं,
आठ कुठेच नाही.
सगळे बाण पुढे जाणारे.
परत येणारा एकही नव्हता.
एलिओदोरोने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.
तो तेवीस वर्षं समुद्राखालच्या बोगद्यात उतरला होता,
नकाशे त्याला समजतात.
म्हणाला, यात चेंडू कुठे आहे?

खाण बंद पडली तेव्हा या गावाकडे
दोनच गोष्टी उरल्या.
खोकला आणि हा क्लब.
खोकल्यावर निदान डॉक्टर आमचं मत विचारतो.

परवा चार शून्य.
लोक उठून गेले नाहीत, ते मला विचित्र वाटलं.
दोन्या हेर्तुदिस सांगत होती,
शिट्ट्यासुद्धा वाजल्या नाहीत,
सगळे पावसात बसून होते,
प्रेताजवळ बसतात तसे.
शेवटी कुणीतरी आठ नंबर, आठ नंबर ओरडू लागलं,
मग सगळं स्टँड ओरडलं,
आणि तुम्ही घड्याळ पाहिलंत.

सोमवारी मी चिमटे मोजले.
दोन उरले.
पुन्हा मोजले.
बावीसच्या एकवीस जर्स्या.
मला कुणी सांगितलं नाही की येर्कोला विकलं,
उत्तरेला, वाळवंटातल्या क्लबाला,
जिथे म्हणे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही.
तिथल्या धुणारणीला काय कळणार
तो किती धावतो ते?
लाल धूळ झटकली की जाते.

त्याचा बाप आज पाव देताना
सुटे पैसे मोजत राहिला, वर बघितलंच नाही.
मीही विचारलं नाही.

एक कबुली द्यायची आहे, म्हणून हे सगळं.
या आठवड्यात नऊ नंबर मी धुतलाच नाही.
गोणीतून काढला, घडी घातली,
बाकीच्यांवर ठेवला
आणि पाठवून दिला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
तुमच्याही नाही.

रविवारी पुन्हा पाऊस आहे म्हणतात.
सोडा आणून ठेवलाय.