शेरा

दाखल क्रमांक एक हजार चारशे बारा.
शेरा : पाने डागाळली. दंड रु. दोन.
अक्षर माझंच.

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरताना आमचं वाचनालय,
'ड' वर्गातलं. दोन कपाटं, एक बाक,
अनुदान आलं तर आलं;
तरी दंडाची पावती मी फाडायचो
कलेक्टरच्या रुबाबात.

कादंबरी गिरणीवरची. चारशे सहा पानं.
मलपृष्ठावर लेखक, हनुवटीखाली मूठ.
पाच वर्षांत दोघांनीच नेली :
एक शिक्षक, त्यांनी तिसऱ्या दिवशी परत केली,
आणि द्रुपदी मठकर,
काजूच्या कारखान्यात बिया फोडणारी.

डाग तपकिरी, कडेला काळे.
टरफलाचं तेल राखेनं सुटत नाही,
कातडीच सुटते.
पान उलटताना अंगठा जिथं टेकतो
तिथं तो टेकलाय, रेषांसकट,
जमिनीच्या कागदावर असतो तसा.

पान त्र्याण्णव. 'कामगार मुकाट्यानं भाकरी चावत होते.'
खाली पेन्सिलीनं :
आमी काय मुकी? जेवताना तर खरी गजाल.
ह्यो माणूस कदी कारखान्यात जेवूक नाय.

पान एकशे सत्तर. नायिकेला साच्यावर चक्कर येते,
तिरीप पडते, चेहरा
'करुण आणि तरीही सुंदर' दिसतो.
तिथं नुसते आकडे.
अख्ख्या गराचा किलोचा दर, तुकड्याचा निम्मा,
शेजारी आठवड्याची बेरीज. खोडलेली.
पुन्हा केलेली. उत्तर तेवढंच.

पान दोनशे अकरा. खोलीच्या भाड्यासाठी
नायकाची आई पितळी घागर विकते.
इथं शब्द नाही. डाग मात्र चारही बोटांचा,
जणू पान उलटायचं
बराच वेळ राहून गेलं.

मुदत वाढवायला आली तेव्हा मी म्हणालो,
हात पुसून वाचत जा.
"पुसतंय ओ," ती म्हणाली, "पण तां जाता खंय?"

तीनशे चाळीसपासून पुढं सगळं स्वच्छ.
संप, मोर्चा, लाठ्या, ते अकरा पानी भाषण :
एकही बोट नाही.
मला वाटलं, कंटाळली.
भाषणापर्यंत कोण टिकतं?
तालुक्याला 'साहित्य आणि श्रमिक' यावर बोलायला बोलावलं
तेव्हा मी हे सांगितलं.
हशा चांगला मिळाला.

परवा जुनी रजिस्टरं उन्हात घातली, वाळवीमुळे.
नेल्याची तारीख सोळा एप्रिल,
आणल्याची नऊ जून.
मेच्या पहिल्या आठवड्यात कारखान्याला टाळं लागलं,
हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.
मलाही.

नवी कातडी यायला तीन आठवडे पुरतात, म्हणतात.
म्हणजे संप तिनं वाचला असेल,
भाषणसुद्धा, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत,
मऊ, स्वच्छ,
बिनकामाच्या बोटांनी.

आणि दंड भरला तो नऊ जूनला.
चार अधेल्या, टेबलावर एकावर एक रचून.
तिचे हात मी पाहिले नाहीत.
मी पावती फाडत होतो.